पाचवी माळ

तुझं नाव इथे लिहिता येणार नाही.
कलम चौऱ्याहत्तर: नाव नाही, पत्ता नाही, शाळा नाही,
ओळख पटेल असं काहीच नाही.
बरंय. नाहीतरी पेपरवाल्यांनी तुझं
'कोयता' एवढंच नाव ठेवलं होतं.

आमच्या कागदांवर तू विधिसंघर्षग्रस्त बालक.
हा शब्द पहिल्या भेटीत तू
बोट ठेवून वाचलास, पहिलीतल्यासारखा,
आणि 'संघर्ष'पाशी थांबून म्हणालास,
"मॅडम, हे तर आमच्या मंडळाचं नाव."

येरवड्यात निरीक्षणगृह आहे, कारागृहही आहे.
मधल्या अंतरात रिक्षाचं मीटर पडत नाही.
तुझ्यासाठी ते अंतर वीस दिवसांचं.
दाखल्यावर जन्म एक जून,
गुन्हा एकवीस जूनचा,
म्हणजे अठरा पुरी होऊन वर वीस दिवस,
म्हणजे तू सज्ञान, मोठ्यांच्या कोर्टातला.

एक जून.
माझ्या वडिलांचा एक जून, दोन्ही काकांचा एक जून,
आमच्या गावच्या पोलीस पाटलाचासुद्धा.
गुरुजींना पोराला पहिलीत बसवायचं होतं,
बसवलं. पटावरची शाई वाळली
आणि तू चार महिने आधी जन्मलास.

तुझी आई म्हणते, पाचव्या माळेला झाला.
चतुःशृंगीच्या जत्रेत ती फुगे विकत होती,
कळा सुरू झाल्या तेव्हा काठीला नऊ फुगे उरले होते.
नऊच. पक्कं आठवतं.
साल? विद्यापीठाचा पूल नवा होता, ते.
तो पूल पाडूनही झाला,
तू मोजायचा राहिलास.

पाचवी माळ मंडळापुढे चालत नाही.
म्हणून औंधच्या सरकारी दवाखान्यात
रेकॉर्डच्या खोलीत तीन मंगळवार.
ओव्हाळ नावाचे कारकून नाकाला रुमाल बांधून
वाळवीने खाल्लेली वर्षं खाली उतरवत होते.
तिसऱ्या मंगळवारी म्हणाले, "वकीलबाई, हे बघा,"
आणि बाजूला सरकले, दर्शनाला जागा करून देतात तसे.

मुलगा. दोन किलो शंभर. पहाटे चार दहा.
नावाच्या रकान्यात: बाळ.

जुनं पंचांग मिळवून ताडलं.
तारीख उलटली होती, उजाडलं नव्हतं,
माळ पाचवीच.

मी नोंदीची नक्कल काढते तेव्हा
बाहेर बाकावर इनामदारचाचा बसलेले असतात, असं मला सारखं वाटतं.
तू फोडलेली काच त्यांच्या रिक्षाची.
कपाळावर अकरा टाके.
तारखेला भेटले की विचारतात, "बेटी, जेवलीस का?"
मी त्यांच्या हनुवटीकडे बघून हो म्हणते.
तू केलं नाहीस, असं मी कुठेच लिहिलेलं नाही.
ज्याने केलं तो सतरा वर्षं आठ महिन्यांचा होता,
एवढंच, तीन प्रतींत.

इथे कठडा नाही. काळा कोट नको.
माझा बँड पिशवीत, डब्याखाली.
पोलीस साध्या कपड्यांत, बूट मात्र तेच.
सरकारी वकिलांनी मोबाइलवर रील लावली:
रात्रीचा चौक, बॉनेटवर केक, क्रीममध्ये 'अठरा',
आणि तू कापतोयस, पोरं ओरडतायत,
त्याच कोयत्याने.
हा बघा, स्वतःच सांगतोय, ते म्हणाले.
मी नक्कल पुढे सरकवली.
मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा बदलला,
'बाळ' वर बोट ठेवलं, बराच वेळ.
निर्णय पुढच्या तारखेला.

जिन्यात तू जामिनाचं विचारशील असं वाटलं होतं.
"मॅडम, म्हणजे तो केक चुकीचा होता?"

हो, म्हणाले.

बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत
तू उरलेल्या पायऱ्या उतरलास.
मागून ते बूट.